साचा, वस्तू आणि पत्ता : ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात जावा आणि पायथनचं काय काम, असं काहींना वाटेल. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात घरटी एखादं तरी मूल आयटी किंवा कॉम्प्युटर सायन्स शिकतंय. मुलाखतीत त्याला हमखास विचारतात, ‘क्लास आणि ऑब्जेक्ट यांत फरक काय?’ व्याख्या तोंडपाठ असते. मग समोरचा म्हणतो, ‘एखादं उदाहरण रचून दाखवा,’ आणि तिथे गाडी अडते. ही अडलेली गाडी आज आपण थोडी ढकलून बघू.

आधी जीन्सपासून सुरुवात करू. उल्हासनगरच्या कारखान्यांत कापडाचे थर एकावर एक रचतात, वर पॅटर्न ठेवतात आणि कापतात. पॅटर्न एक, पँटी अनेक. पॅटर्न अंगात घालता येत नाही, पँट घालता येते. पॅटर्न म्हणजे क्लास, पँट म्हणजे ऑब्जेक्ट. कंबर, लांबी, रंग हे तिचे गुण. त्यांना अॅट्रिब्यूट म्हणतात. पण इथे उपमा थांबते. प्रोग्रॅममधला ऑब्जेक्ट नुसते गुण बाळगत नाही, तो सांगितलेलं काम करतो. त्या कामाला मेथड म्हणतात. वैशेषिकांनी द्रव्याच्या आश्रयाने गुण आणि कर्म राहतात असं सांगितलं, ते इथे आठवावं.

आता एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या दोन पँटी घ्या. सगळं सारखं, तरी पँटी दोनच. जावामध्ये हे दोन प्रश्न वेगळे विचारावे लागतात : ‘दोन्ही सारखे आहेत का?’ आणि ‘दोन्ही एकच आहेत का?’ नवशिक्यांचे कितीतरी तास हा भेद न कळल्यामुळे जातात. सारख्याच परमाणूंना एकमेकांपासून वेगळं काय करतं, हा प्रश्न वैशेषिकांनाही पडला होता. त्यासाठी त्यांनी ‘विशेष’ नावाचा स्वतंत्र पदार्थच मानला.

ही विचारपद्धत संगणकात आली ती जगाची नक्कल करण्याच्या गरजेतून. 1960च्या दशकात ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी सिम्युला ही भाषा घडवली. रांगा, यंत्रं, गिऱ्हाईकं यांचं वागणं संगणकावर उभं करायचं होतं. पुढे स्मॉलटॉक, सी प्लस प्लस, 1991 साली पायथन, 1995 साली जावा असा हा वंश वाढला.

आता खरं उदाहरण रचू. आपल्याला ‘पत्ता’ नावाचा क्लास लिहायचाय. शहरातला एखादा प्रोग्रॅमर चटकन लिहील : इमारतीचं नाव, विंग, फ्लॅट नंबर, रस्ता, पिनकोड. सगळे रकाने भरणं सक्तीचं. बदलापूरच्या नव्या संकुलांत हे चालून जाईल. पण उल्हासनगरचं काय? दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे वसवलेले सिंधी निर्वासित, 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते झालेली नव्या नगराची पायाभरणी. हा सगळा इतिहास आजही पत्त्यात बसलाय : बॅरेक नंबर अमुक, रूम नंबर तमुक, उल्हासनगर-3. विंग नाही, फ्लॅट नाही. माणूस बिचारा विंगच्या रकान्यात रेघ मारतो, फ्लॅटच्या रकान्यात शून्य लिहितो, आणि फॉर्म काही पुढे सरकत नाही. घर खरं, माणूस खरा, चूक क्लासची.

मग करायचं काय? सगळ्या पत्त्यांना समान असेल तेवढंच मूळ क्लासमध्ये ठेवायचं : शहर, पिनकोड आणि ‘पाकिटावर छाप’ ही मेथड. अनावश्यक तपशील बाजूला सारून गाभा उचलणं, याला अॅब्स्ट्रॅक्शन म्हणतात. त्याच्याखाली तीन क्लास : फ्लॅटचा पत्ता, बॅरेकचा पत्ता, चाळीचा पत्ता. तिघांना शहर आणि पिनकोड वारशाने मिळतात. हा झाला वारसा, म्हणजे इनहेरिटन्स. छापायचं मुख्य काम प्रत्येक जण आपापल्या रीतीने करतो. बाहेरून आज्ञा एकच, ‘छाप’. फ्लॅट विंग छापतो, बॅरेक रूम नंबर छापते. याचं नाव पॉलिमॉर्फिझम. उद्या चौथा प्रकार आला तरी आज्ञा देणारा भाग बदलावा लागत नाही.

राहिलं एन्कॅप्स्युलेशन. पिनकोडचा रकाना उघडा ठेवला तर कोणी त्यात ‘स्टेशनजवळ’ असंही लिहील. म्हणून तो आत झाकायचा आणि बदलण्यासाठी एकच दार ठेवायचं. दारावरची मेथड तपासते : अंक सहा आहेत का, पहिला शून्य तर नाही ना? 421003 आत जाईल, 42103 परत जाईल.

आता एक पेच. उल्हासनगरात पुढे दुकान, मागे घर, असं पुष्कळ ठिकाणी असतं. हा पत्ता घराच्या क्लासचा की दुकानाच्या? पायथन आणि सी प्लस प्लस दोन्हींचा वारसा घेऊ देतात. पण दोघांकडूनही एकाच नावाची मेथड आली, तर कोणाचं ऐकायचं हे ठरवावं लागतं. जावा एकाच क्लासचा वारसा देते आणि बाकीच्यासाठी इंटरफेसची सोय ठेवते. अंबरनाथचं शिवमंदिर 1060 सालचं. त्याच्या आधीच्या शतकात उदयनाचार्यांनी हाच पेच ‘संकर’ या नावाने मांडला होता. पृथ्वीच्या ठायी भूतत्व आहे आणि मूर्तत्वही. आकाशात फक्त भूतत्व, मनात फक्त मूर्तत्व. असे एकमेकांत अर्धवट शिरणारे धर्म म्हणजे खऱ्या जाती नव्हेत, असं त्यांचं म्हणणं.

पण एक भेद नीट लक्षात ठेवू. नैयायिकांच्या मते जाती नित्य असते. गोत्व आपण बनवत नाही, ते आपल्याला कळतं. क्लास मात्र आपण बनवतो. म्हणून कोणता रकाना ठेवला, कोणता सक्तीचा केला, याचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो. आपल्या क्लासमध्ये जो बसत नाही, तो त्या यंत्रणेपुरता नसल्यासारखाच होतो. त्याचं पार्सल परत जातं, बँकेचं काम अडतं.

तेव्हा या आठवड्याचा अभ्यास. संगणक नको, कागद-पेन्सिल पुरे. आपल्या ओळखीची वेगवेगळ्या धाटणीची पाच घरं घ्या, त्यांचे पत्ते लिहा. त्यांत समान काय, वेगळं काय, झाकायचं काय, हे ठरवा. मग सहावं घर घ्या, आणि ते आपल्या रचनेत बसतंय का ते बघा. नाही बसलं, तर घराला नावं ठेवू नका. क्लास बदला.