दिसू देणारी ढाल

श्रोतेहो, भिंतीपलीकडचं पाहायचं तर आपण भिंतीला खिडकी ठेवतो. पण जी भिंत गॅमा किरण अडवण्यासाठीच उभारली, तिला खिडकी ठेवायची कशी?

मुंबईच्या उपनगरात, घाटकोपर-चेंबूरच्या पुढे ट्रॉम्बेला, ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. ती पाण्याच्या खोल हौदात होती. पाणी किरण अडवी आणि तळचं दिसूही देई. पण इस्पितळात सुईभोवती हौद कोण बांधणार? परळला १९६३ साली रेडिएशन मेडिसिन सेंटर निघालं. तिथे किरणोत्सारी औषधं देऊन थायरॉइडसारख्या ग्रंथींची तपासणी आणि उपचार होऊ लागले. रोग्याला असं औषध एखाद-दुसऱ्या वेळी मिळतं. ते देणाऱ्याच्या हातून मात्र रोज कितीतरी सुया जातात. सुई शिशाच्या नळीत घातली, तर हात वाचतो, पण औषधाचं माप दिसत नाही.

इथे शिशाची काच उपयोगी पडते. वाळू वितळवताना तीत शिशाचं ऑक्साइड घालतात. भारी काचेत ते वजनाने निम्म्याहून अधिक असतं. साधी काच पाण्याच्या अडीचपट जड, तर ही सुमारे पाचपट.

मग शिसं असूनही ती पारदर्शक कशी? शिक्षकबंधूंनी हे वर्गात जरूर सांगावं. धातूच्या शिशातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाला अडवतात. काचेत ते ऑक्सिजनशी बांधले जातात आणि प्रकाशाला वाट मिळते. गॅमा किरणांना या बांधणीशी कर्तव्य नाही. शिशाच्या अणूत ८२ इलेक्ट्रॉन. त्या दाटीत ते अडकतात.

मात्र प्रत्येक किरणाचा जोर वेगळा, बरं का! टेक्नेशियम-९९एमचे किरण निम्मे करायला सुमारे ०.३ मिलिमीटर शिसं पुरतं. आयोडीन-१३१ ला सुमारे ३ मिलिमीटर लागतं. काच त्याच्या दुपटीहून जाड हवी. शिवाय फार किरण खाऊन काच तपकिरी पडते. म्हणून तीव्र किरणांच्या जागी तीत सिरियम मिसळतात.

निम्म्याचं निम्मं करत गेलं, तरी शून्य होत नाही. म्हणून काचेच्या जोडीला अंतर राखायचं आणि काम झटपट उरकायचं. अंतर दुप्पट केलं, की किरण चौथाईवर येतात.

तेव्हा इस्पितळात परिचारिका काचेआडून सुई भरताना दिसली, तर ती आपल्या माणसाला भिते असं मानू नका. उद्याच्या रोग्यासाठीही तिचे हात धड राहायला हवेत.