शिकलेले दुसरीकडे चालते का?

कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय शिकायचा म्हणजे नेमके काय शिकायचे, असे हल्ली दहावी-बारावीचे विद्यार्थी आपल्या शिक्षकांना विचारतात. काही जण परदेशी विद्यापीठांची माहितीपत्रकेही घेऊन येतात. इंग्लंडमधल्या माहितीपत्रकांत या पदवीच्या नावापुढे पुष्कळदा ‘उद्योगातील एका वर्षासह’ अशी जोड असते. तीन वर्षांचा अभ्यासक्रम मग चार वर्षांचा होतो: पहिली दोन वर्षे विद्यापीठात, तिसरे वर्ष एखाद्या कंपनीत किंवा प्रयोगशाळेत पगारी काम, आणि चौथे वर्ष पुन्हा विद्यापीठात.

हे वर्ष पुढे नोकरी मिळावी म्हणून असते, अशी बहुतेकांची समजूत असते. तो फायदा आहेच. पण या विषयाला बाहेरच्या वर्षाची गरज का आहे, याचे खरे उत्तर विषयाच्या गाभ्यातच दडलेले आहे. ते समजून घेण्यासाठी आपण काडेपेट्यांपासून सुरुवात करू.

काडेपेट्यांचे यंत्र

डोनाल्ड मिची हे ब्रिटिश शास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्लेचली पार्क येथे शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम केले होते. पुढे एडिंबरो विद्यापीठात कृत्रिम बुद्धिमत्तेचे अध्ययन सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९६१ साली त्यांनी फुल्ली-गोळा खेळणारे एक यंत्र बनवले. त्याला ना वीज लागे, ना तारा. सुमारे तीनशे रिकाम्या काडेपेट्या, एवढेच ते यंत्र! त्याचे नाव ‘मिनॅस’.

प्रत्येक पेटीवर डावातली एक स्थिती काढलेली होती आणि आत रंगीत मणी होते. नऊ घरांसाठी नऊ रंग. यंत्राची पाळी आली की समोरच्या स्थितीची पेटी शोधायची, हलवायची आणि न बघता एक मणी काढायचा. त्याचा रंग सांगेल त्या घरात यंत्राची खूण. डाव संपला की हिशेब करायचा. यंत्र जिंकले, तर वापरलेल्या प्रत्येक पेटीत त्या त्या रंगाचे तीन जादा मणी. बरोबरी झाली, तर एक जादा. हरले, तर काढलेले मणी जप्त.

सुरुवातीला हे यंत्र वाटेल तसे खेळते. हळूहळू हरवणाऱ्या चालींचे मणी कमी होतात, जिंकवणाऱ्या चालींचे वाढतात. मिची त्याच्याशी २२० डाव खेळले आणि यंत्र चांगले खेळू लागले. ‘मधले घर मोक्याचे’ असे त्याला कोणीच सांगितले नव्हते.

आजच्या यंत्रांत मण्यांच्या जागी कोट्यवधी आकडे असतात. तत्त्व मात्र त्याच जातीचे आहे: उत्तर पाहा, चूक मोजा, आकडे थोडे बदला, पुन्हा करा. हे बदल कसे करायचे, हे समजण्यासाठी संभाव्यता, बीजगणित, कलन आणि प्रोग्रॅमिंग लागते. विद्यापीठातली पहिली दोन वर्षे मुख्यतः त्यातच जातात.

आता एक प्रश्न. समजा, आपले यंत्र रोज एकाच भिडूशी खेळले आणि तो भिडू नेहमी एकच चूक करतो. यंत्र काय शिकेल? त्या भिडूची चूक! दुसरा भिडू समोर बसला की त्याची पंचाईत होईल.

चाचणी कोणत्या ढिगातून?

पाठ करणारा विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिला आहे. पुस्तकातले गणित तो अचूक सोडवतो. आकडे बदलले की अडतो. यंत्रेही अशी घोकंपट्टी करतात. ती पकडण्याचा उपाय विद्यापीठात पहिल्याच वर्षी शिकवतात. शंभर उदाहरणे असतील, तर ऐंशींवर यंत्राला शिकवायचे आणि वीस झाकून ठेवायची. परीक्षा त्या विसांवर.

उपाय चांगला आहे, पण अपुरा आहे. कारण ती वीस उदाहरणे त्याच ढिगातली असतात. ढीगच बदलला तर?

२०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याचे उत्तर दिले. संशोधकांनी तीन ठिकाणची मिळून छातीची सुमारे १ लाख ५८ हजार क्ष-किरण चित्रे घेतली आणि त्यांवरून न्यूमोनिया ओळखायला संगणकाला शिकवले. एकूण पाच तुलना केल्या. त्यांपैकी तीनमध्ये संगणकाची कामगिरी घरच्या चित्रांपेक्षा बाहेरच्या रुग्णालयातल्या चित्रांवर स्पष्टपणे खालावली. आणखी एक गोष्ट लक्षात आली. चित्र कोणत्या रुग्णालयातले आहे, हे संगणक जवळजवळ बिनचूक ओळखू शकत होता. एका रुग्णालयाच्या चित्रांत न्यूमोनियाचे प्रमाण ३४ टक्के होते. इतर दोन ठिकाणी ते १ टक्क्याच्या आसपास होते. म्हणजे फुप्फुसाकडे न बघता नुसते रुग्णालय ओळखले, तरी बरेचसे उत्तर मिळणार!

यात कोणी लबाडी केलेली नव्हती, की गणितही चुकलेले नव्हते. माहिती कुठून आली, एवढाच प्रश्न होता. पण अशा यंत्राच्या भरवशावर एखाद्या रुग्णाला घरी पाठवले, तर त्याची किंमत त्या रुग्णाला मोजावी लागेल.

बाहेरच्या वर्षात काय घडते?

वर्गात विद्यार्थ्याच्या हाती नीट मांडलेला तक्ता येतो. प्रत्यक्ष कामात तक्ता आधी तयार करावा लागतो. एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असते, रकाने रिकामे असतात, मोजणारे उपकरण मध्येच बदललेले असते. हा शेरा कोणी लिहिला, कोणत्या घाईत लिहिला, यंत्र चुकले तर जबाबदार कोण, हे प्रश्न तिथेच समोर येतात. ते प्रश्न घेऊन विद्यार्थी चौथ्या वर्षी परततो, तेव्हा तेच गणित त्याला निराळे दिसते. खरे तर हे वर्ष विद्यार्थ्याचीच चाचणी असते, आणि तीही दुसऱ्या ढिगातून.

ही कल्पना कृत्रिम बुद्धिमत्तेपेक्षा जुनी आहे. इंग्लंडमधल्या संडरलंड येथे १९०३ साली अभियांत्रिकीसाठी असे अभ्यासक्रम निघाले. दोन अभ्यासांच्या मधे काम, म्हणून त्यांना ‘सँडविच’ अभ्यासक्रम म्हणू लागले. १९०६ साली हर्मन श्नायडर यांनी अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात आलटून-पालटून शिक्षण आणि काम अशी पद्धत सुरू केली. आपल्याकडे पिलानीच्या बिट्स संस्थेत १९७३ पासून ‘प्रॅक्टिस स्कूल’ आहे. संस्थेच्या गोव्यातल्या विद्यार्थ्यांनाही त्याचा लाभ मिळतो. हैदराबादच्या आयआयटीने २०१९ साली कृत्रिम बुद्धिमत्तेची स्वतंत्र बी.टेक. पदवी सुरू केली.

मात्र ‘उद्योगातील वर्ष’ हे शब्द छापले म्हणजे ते वर्ष मिळालेच, असे नाही. इंग्लंडमध्ये विद्यार्थ्याला बहुधा स्वतः अर्ज करून, मुलाखती देऊन जागा मिळवावी लागते. न मिळाल्यास तो सामान्यतः तीन वर्षांच्या पदवीकडे वळतो. म्हणून सल्ला मागायला आलेल्या विद्यार्थ्याला चार प्रश्न विचारायला सांगावेत. जागा शोधण्यात विद्यापीठ किती मदत करते? परदेशी विद्यार्थ्याला त्या वर्षी फी किती पडते? कामाच्या जागी मार्गदर्शक कोण? आणि त्या वर्षाचे मूल्यमापन होते का? मार्गदर्शन आणि मूल्यमापन नसेल, तर ते वर्ष शिक्षणाचे न राहता स्वस्त मजुरीचे होते.

वर्गात करून पाहा

मार्टिन गार्डनर यांनी १९६२ साली मिचींच्या यंत्राची एक छोटी आवृत्ती सुचवली. तिला फक्त २४ काडेपेट्या लागतात. खेळाचे नाव ‘हेक्सापॉन’. तीन गुणिले तीन घरांचा पट, दोन्ही बाजूंना तीन-तीन प्यादी. प्यादे एक घर पुढे जाते किंवा तिरके मारते. पलीकडच्या रांगेत पोचणारा, विरोधकाची सर्व प्यादी मारणारा किंवा त्याची वाट पूर्ण अडवणारा जिंकतो. यंत्र नेहमी दुसरे खेळते आणि हरले की त्याच्या शेवटच्या चालीचा मणी काढून घ्यायचा. पेटी रिकामी झाली, तर यंत्राने हार मानली असे धरून आधीच्या चालीचा मणी काढायचा.

विद्यार्थ्यांचे दोन गट करा. पहिल्या गटाच्या यंत्राशी खेळणाऱ्याने प्रत्येक डाव मधल्या प्याद्यानेच सुरू करावा. दुसऱ्या गटात भिडू आणि सुरुवात दोन्ही बदलत राहावीत. दोन्ही यंत्रे सारखेच डाव खेळली, की पहिल्या यंत्रासमोर नवा भिडू बसवा आणि त्याला कडेच्या प्याद्याने सुरुवात करू द्या. काल अजिंक्य वाटणारे यंत्र गडबडेल. का, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. पेट्या उघडल्या की उत्तर दिसेल: कडेच्या सुरुवातीच्या पेटीतले मणी पहिल्या दिवशी होते तसेच आहेत. त्यांना कोणी हातच लावलेला नाही.