उल्का पाहू या, आणि वहीत लिहूनही ठेवू या

डिसेंबर २०२३ मधली गोष्ट. १३ तारखेच्या रात्री आम्ही वर्गातली अकरा मुले-मुली, त्यांच्यापैकी काहींचे अब्बू आणि एका मुलीची खाला असे सगळे मिळून गावाबाहेरच्या शेतातल्या घराच्या गच्चीवर झोपलो होतो. झोपलो म्हणजे नावालाच. अमावस्या नुकतीच होऊन गेली होती, आकाश काळेभोर होते आणि दर दोन-तीन मिनिटांनी कुणीतरी "तो बघा, गेला!" म्हणून ओरडत होते. खालाने दोनदा चहा केला. फजरच्या वेळी सगळे खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, एकूण किती उल्का दिसल्या? एक म्हणाला सत्तर, दुसरा म्हणाला दोनशे. मग आम्हीच समजुतीने "अंदाजे दीडशे" असे फळ्यावर लिहिले. हा आकडा कुठेतरी कळवावा म्हणून चौकशी केली, तेव्हा समजले की त्याचा काडीचा उपयोग नाही. कुणी मोजल्या, किती वेळ मोजल्या, आकाश किती स्वच्छ होते, यातले काहीच आमच्याकडे नव्हते. छान रात्र गेली, पण नोंद झाली नाही.

वाचकहो, पाहणे आणि नोंदवणे यात काय फरक आहे, तेच आज सांगायचे आहे. यासाठी दुर्बीण लागत नाही, उलट दुर्बिणीने उल्का दिसतच नाहीत म्हटले तरी चालेल. दोन डोळे, एक वही, एक घड्याळ आणि अंथरायला चटई एवढेच पुरे.

आधी उल्का म्हणजे काय ते थोडक्यात. मराठीत आपण "तारा तुटला" म्हणतो, उर्दूत शहाब किंवा शहाब-ए-साक़िब. तुटत मात्र कुठलाच तारा नाही. धूमकेतू किंवा लघुग्रह आपल्या वाटेवर बारीक खडे आणि धूळ सांडत जातात. पृथ्वी त्या वाटेतून गेली की हे कण प्रचंड वेगाने हवेत शिरतात आणि साधारण ८० ते १०० किलोमीटर उंचीवर जळतात. वाळूच्या कणापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या वस्तूचा तो प्रकाश असतो. जळून न संपता जमिनीवर पोहोचलेल्या दगडाला अशनी म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर अशाच, पण फार मोठ्या आघाताने तयार झाले आहे.

आपल्या घरांत अजूनही ऐकू येते की तारा तुटला म्हणजे कुणीतरी मोठा माणूस गेला. सहीह मुस्लिममध्ये यावर हदीस आहे. रात्री एक तारा तुटलेला दिसला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोबत बसलेल्यांना विचारले की जाहिलियतच्या काळात तुम्ही याला काय म्हणत होता. त्यांनी हाच समज सांगितला, कुणी थोर जन्मला किंवा कुणी थोर वारला. कुणाच्या मरणा-जगण्यासाठी हे होत नाही, असे त्यांना स्पष्ट सांगण्यात आले. कुरआनातही शहाबचा उल्लेख आहे. त्याचा अर्थ सांगणे हे उलेमांचे काम, आम्ही शाळामास्तर, आम्ही मोजायचे तेवढे मोजतो.

गंमत अशी की हा समज असूनही, किंवा त्यामुळेच म्हणा, एक मोलाची नोंद आपल्यापर्यंत आली आहे. उत्तर आफ्रिकेतला अग़लबी घराण्याचा अमीर दुसरा इब्राहीम सन ९०२ च्या ऑक्टोबरात, म्हणजे हिजरी २८९ मध्ये, इटलीच्या मोहिमेवर असताना वारला. त्याच सुमारास आकाशातून तारे पावसासारखे कोसळले, असे अरबी इतिहासांत लिहिले गेले आणि ते वर्ष ताऱ्यांचे वर्ष म्हणून लोकांच्या लक्षात राहिले. आजचे अभ्यासक हा सिंह उल्कावर्षाव मानतात. तेव्हा तो ऑक्टोबरात यायचा, आता नोव्हेंबरच्या १७-१८ तारखेला येतो. हजार वर्षांत तो किती सरकला, हे अशा जुन्या नोंदींमुळेच कळते. लिहिणाऱ्याने अमीराच्या मृत्यूशी लावलेला संबंध चुकीचा होता, पण तारीख कामाला आली.

उल्कांच्या अभ्यासात सामान्य माणसाचा हात पहिल्यापासून आहे. नोव्हेंबर १८३३ मध्ये अमेरिकेत उल्कांचा अक्षरशः भडिमार झाला. येल कॉलेजचे डेनिसन ओल्मस्टेड यांनी वर्तमानपत्रातून लोकांना विनंती केली की जे पाहिले ते लिहून पाठवा. पत्रे आली, ती जुळवली, आणि सगळ्या उल्का सिंह राशीतल्या एकाच ठिकाणाहून येताना दिसतात हे सिद्ध झाले. इंग्लंडमधले प्रेंटिस हे पेशाने वकील. १३ डिसेंबर १९३४ च्या पहाटे, आपण ज्यांची गोष्ट करतो आहोत त्याच मिथुन उल्का पाहायला ते जागे होते आणि त्यांना एक नवतारा सापडला. पुढे १९४६ मध्ये बर्नार्ड लोव्हेल रडारने उल्का पकडू लागले, तेव्हा रडारवरची खूण खरोखर उल्केचीच आहे का हे ताडायला त्यांना याच वकीलसाहेबांचे डोळे लागले. ते आरामखुर्चीत पडून उल्का दिसली की ओरडायचे!

आता मिथुन उल्कावर्षावाकडे येऊ. महाराष्ट्रासाठी हाच सर्वांत सोयीचा. ऑगस्टच्या १२-१३ तारखेचा ययाती वर्षाव जगात जास्त प्रसिद्ध आहे, पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात. डिसेंबरात आकाश स्वच्छ असते. १३ आणि १४ डिसेंबरच्या मधली रात्र धरायची. या उल्कांचा जनक धूमकेतू नसून फेथॉन नावाचा लघुग्रह आहे, तो १९८३ साली एका उपग्रहाच्या निरीक्षणांतून सापडला. मिथुन राशीतले दोन ठळक तारे, ज्यांना आपल्याकडे पुनर्वसू म्हणतात, त्यांतल्या कॅस्टरजवळून या उल्का निघाल्यासारख्या दिसतात. त्या जागेला उद्गमबिंदू म्हणतात. मराठवाड्यातून तो संध्याकाळी साडेसातच्या सुमारास उगवतो आणि रात्री दोन-अडीचला जवळपास डोक्यावर येतो.

वर्तमानपत्रात "ताशी १२० ते १५० उल्का" असे छापून येते आणि लोक तासभर उभे राहून वीस दिसल्या की नाराज होतात. हा आकडा आदर्श स्थितीचा आहे. उद्गमबिंदू बरोबर डोक्यावर हवा आणि ६.५ प्रतीपर्यंतचे तारे दिसायला हवेत. प्रत म्हणजे तेजाचे माप, तारा जितका अंधुक तितका आकडा मोठा. शहरात जेमतेम चौथ्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. एक प्रत गमावली की मिथुन उल्का सुमारे अडीच पटीने कमी होतात. दोन प्रती गमावल्या तर सहा-सात पटीने.

शिवाय चांदणे. इथे आमचीच फजिती सांगतो. २०२४ मध्ये आम्ही पुन्हा मुलांना गोळा केले. वह्या आखल्या, पेन्सिली वाटल्या. निघताना आमच्या अम्मींनी सहज विचारले, "बेटा, आज चांद कितवा आहे?" भिंतीवर मशिदीचे कॅलेंडर लटकत होते आणि आम्ही त्याकडे बघितलेच नव्हते. अकरा-बारा तारखेचा चांद जवळजवळ पहाटेपर्यंत आकाशात होता. तासात सहा उल्का.

तेव्हापासून हिशोब पक्का झाला. हिजरी तारीख म्हणजे चंद्राचे वय, ते आपल्या घरात आयतेच टांगलेले असते. पहिल्या पाच-सहा तारखांना चांद लवकर मावळतो, पुढची रात्र अंधारी. सात-आठला मध्यरात्रीपर्यंत राहतो. तेरा ते सोळा सोडूनच द्या. बावीसनंतर तो मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, म्हणजे आधीचा वेळ मोकळा. २०२६ मध्ये ९ डिसेंबरला अमावस्या आहे, म्हणून १३ च्या रात्री कोवळा चांद दहाच्या सुमारास मावळेल आणि पुढची अख्खी रात्र आपली.

आता नोंद कशी करायची. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना म्हणून संस्था आहे, १९८८ साली स्थापन झालेली. जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी ती संकेतस्थळावर घेते आणि एकत्र करून त्या वर्षीचा वर्षाव कसा झाला ते काढते. तिचा सर्वांत महत्त्वाचा नियम: प्रत्येकाची नोंद वेगळी. चौघांनी मिळून मोजलेला आकडा चालत नाही, कारण चार जोडी डोळ्यांना एका जोडीपेक्षा जास्तच दिसणार. ईदच्या चांदची शहादत आपण कशी घेतो? "मोहल्ल्यात सगळे म्हणतात" असे सांगून भागत नाही, तुम्ही स्वतः पाहिला का, हे विचारले जाते. इथेही तसेच. शेजारच्याने "तो बघा" म्हटल्यावर मान वळवून दिसलेली उल्का तुमची नाही.

आधी वीस-तीस मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्यायचे. मोबाइल बंद, टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद. सुरू केल्याची वेळ लिहायची. प्रत्येक उल्केची रेघ मनातल्या मनात मागे न्यायची. ती कॅस्टरकडे गेली तर "मि", नाही तर "इ" म्हणजे इतर. वर्षाव नसतानाही अशा भटक्या उल्का तासाला पाच-दहा दिसतातच. शक्य असेल तर जवळच्या ओळखीच्या ताऱ्याशी ताडून तेज लिहायचे. दर पंधरा मिनिटांनी आडवी रेघ मारायची. वहीत बघायला घालवलेला वेळ, पाणी प्यायला उठलेला वेळ, सगळा वजा करायचा. आम्ही मुलांना खाली न बघता पुठ्ठ्यावर खुणा करायला शिकवले आहे, अक्षर भयंकर येते पण चालते. आकाशाची प्रत काढायला संघटनेने आकाशातले काही त्रिकोण ठरवून दिले आहेत. त्यांत किती तारे दिसतात ते मोजायचे आणि तक्त्यात बघायचे.

सावकाश सरकणारा दिवा म्हणजे उपग्रह, लुकलुकणारा म्हणजे विमान. उल्का सहसा सेकंदभरात संपते. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर लोकांनी जळत जाणारे तुकडे पाहिले आणि व्हॉट्सअॅपवर उल्का म्हणून फिरवले. ते बराच वेळ, रांगेने जात होते. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूची मोठी रिंग सापडली. तो चिनी रॉकेटचा भाग असावा, असे जाणकारांनी सांगितले.

मागच्या डिसेंबरात, २०२५ ला, आम्ही सात जण बसलो. चांद उशिरा उगवणार होता. बारा ते एकच्या तासानंतर आठवीतली एक मुलगी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, बाकीच्यांचे सत्तावीस-अठ्ठावीस आहेत, माझे चौदाच. थोडे वाढवून लिहू का?" आम्ही म्हटले, नको, आधी तुझे तारे दाखव. ती गावाच्या दिव्यांच्या बाजूला तोंड करून बसली होती. तिच्या आकाशाची प्रत ४.८ निघाली, पलीकडे बसलेल्या मुलाची ५.५.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर हिशोब मांडला. उद्गमबिंदू साधारण ६० अंशांवर होता. मुलाच्या २७ उल्का आदर्श आकाशात बदलल्या तर येतात ८० च्या आसपास. मुलीच्या १४ बदलल्या, त्याही ८० च्या आसपास! इतके जुळणे हा थोडा योगायोग, चौदासारख्या लहान संख्येत चार-पाच इकडे-तिकडे होणारच. पण तिने भीडेपोटी १४ चे २५ केले असते, तर तेच उत्तर १४५ च्या घरात गेले असते. अंधुक आकाशातली थाप पाच-सहा पटीने वाढून बाहेर पडते. एका मुलाची वही मात्र आम्ही पाठवली नाही. त्याने ऐकू आलेली प्रत्येक आरोळी मोजली होती, हे त्याने स्वतःच कबूल केले.

मुलींना रात्री बाहेर कसे पाठवायचे, हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. म्हणून आम्ही घरच्यांसकटच बोलावतो. नाही जमले तर घरची गच्ची आहेच. कमी दिसेल, पण प्रत लिहिली असेल तर कमीचाही हिशोब लागतो. एखाद्या तासात काहीच दिसले नाही तर शून्य लिहायचे, पान फाडायचे नाही.

आणि जे तहज्जुदला किंवा फजरच्या आधी उठतात, त्यांना वेगळे जागरणही नको. मध्यरात्रीनंतर आपली बाजू पृथ्वीच्या धावण्याच्या दिशेला येते, त्यामुळे उल्का एरवीही पहाटेच जास्त दिसतात. मेच्या ५-६ तारखेला हॅलेच्या धूमकेतूच्या धुळीचा कुंभ वर्षाव असतो, तो पूर्वेला आणि उजाडण्याआधीच्या एक-दोन तासांतच. तेव्हा चटई पुरते, डिसेंबरात मात्र रजई घ्या. आणि मच्छरदाणी लावू नका, आमच्या एका मुलाने लावली होती.