दूध न सोसणारे बाळ

गाईचे दूध म्हणजे अमृत, ही आपली श्रद्धा. पण काही तान्ह्यांना तेच बाधते. दोष त्यातील साखरेचा नव्हे, केसीनसारख्या प्रथिनांचा. शेळीचे दूध हा त्यावर उतारा नव्हे. त्याची प्रथिने जवळजवळ तशीच. आईने दूधदुभते वर्ज्य करून अंगावर पाजणे उत्तम. ते न जमल्यास प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली भुकटी बहुतेकांना सोसते. तीही सोसेना, किंवा दुधाने श्वास कोंडून जिवावर बेतले असेल, तर अमिनो आम्लांची भुकटी घ्यावी. प्रथिन ही भिंत, तर अमिनो आम्ले सुट्या विटा. भिंतच नसल्याने शरीर त्यांना शत्रू मानीत नाही. ही भुकटी महाग. पण पुरवून वापरण्यासाठी पाणी वाढविल्यास बाळ उपाशी राहते. निवड डॉक्टरांनी करावी. माप मात्र घरच्यांनी चुकवू नये.