लाजरं मूल: हट्ट नाही, मेंदूचा अलार्म

पाहुणे आले की आईच्या मागे लपणारं मूल आपण सगळ्यांनी पाहिलंय. लगेच कुणीतरी म्हणतं, "बोल की, एवढं काय लाजायचं!" पण तो हट्ट नसतो. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी ४ महिन्यांच्या बाळांसमोर रंगीत खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले. साधारण २० टक्के बाळं हातपाय झाडत रडली. पुढे बुजरी होण्याचं प्रमाण यांच्यात जास्त दिसलं. केगन यांच्या मते, यांचा अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला धोक्याचा अलार्म, नवं काही दिसलं की पटकन वाजतो. पण सगळीच तशी राहिली नाहीत. म्हणून मुलाला पुढे ढकलू नका, सारखं पदराआडही ठेवू नका. सोबत थांबा, थोडा वेळ द्या.