डिजिटल नभोवाणी आणि ऑडिओ प्रोसेसरची जुळवणी

आकाशवाणीने मध्यम व लघुलहरींवरील डिजिटल प्रक्षेपणासाठी ‘डिजिटल रेडिओ मोंडियाल’, म्हणजेच डीआरएम, ही पद्धती स्वीकारली. दिल्लीनजीकच्या खामपूर येथील 250 किलोवॉट क्षमतेच्या लघुलहरी प्रक्षेपकावरून जानेवारी 2009 मध्ये असे प्रक्षेपण सुरू झाले. पुढे मध्यम लहरींसाठी डिजिटल क्षमतेचे 35 प्रक्षेपक उभारण्यात आले. या विषयावरील चर्चा बहुधा प्रक्षेपकांची संख्या आणि रेडिओ संचांची किंमत यांभोवती फिरते. ध्वनी प्रक्षेपकाकडे जाण्यापूर्वी ज्या उपकरणातून जातो, त्या ऑडिओ प्रोसेसरचा उल्लेख क्वचितच होतो. वास्तविक, सार्वजनिक पैशातून झालेल्या या गुंतवणुकीचा लाभ श्रोत्याच्या कानापर्यंत पोहोचतो की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच्या जुळवणीवर ठरते.

अॅनालॉग मध्यम लहरींवर मोठ्या आवाजाला आर्थिक मूल्य होते. ध्वनीची सरासरी पातळी जितकी उंच, तितका कार्यक्रम खरखरीवर मात करतो आणि त्याच प्रक्षेपकावरून अधिक दूरच्या गावी समजण्याजोगा ऐकू येतो. म्हणून प्रोसेसरने हळू व मोठ्या आवाजातील अंतर कमी करावे, वरचे स्वर उचलावेत आणि उरलेली शिखरे क्लिपरने छाटावीत, अशी प्रथा पडली. डिजिटल पद्धतीत हा हिशेब कोसळतो. तेथे संदेश पुरेसा पोहोचला तर कार्यक्रम स्वच्छ ऐकू येतो, अन्यथा तो तुटतो किंवा बंद पडतो. आवाज चढवून एक किलोमीटरही अधिक मिळत नाही.

उलट, नुकसान होते. कॉम्पॅक्ट डिस्कवरील स्टिरिओ ध्वनीला सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट लागतात. मध्यम लहरींच्या 9 किलोहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीत डीआरएमला साधारणपणे 20 किलोबिटच्या आसपास मिळतात. म्हणजे सत्तर भागांपैकी जेमतेम एक. कानाला न जाणवणारा तपशील वगळून कोडेक हे साधतो. (परीक्षार्थींनी येथे एक भेद ध्यानात ठेवावा : कोडेक माहितीचे आकारमान घटवतो, तर प्रोसेसरमधील कम्प्रेसर आवाजाच्या चढउतारांची व्याप्ती घटवतो. दोहोंना ‘कम्प्रेशन’ म्हणतात, पण क्रिया भिन्न आहेत.) छाटलेल्या शिखरांतून मूळ ध्वनीत नसलेले नवे स्वर निर्माण होतात. हे दोष आहेत, हे कोडेकला कळत नाही. तो त्यांच्यावरही बिट खर्च करतो. अर्थशास्त्राच्या भाषेत ही संधित्यागाची किंमत होय. निवेदकाचा ‘स’ आणि ‘श’ धातूवर घासल्यासारखा ऐकू येतो, तो यामुळेच.

तेव्हा डिजिटल मार्गासाठी प्रोसेसर वेगळा असावा. निदान त्याची जुळवणी तरी वेगळी असावी. क्लिपर बंद ठेवावा. वरचे स्वर आगाऊ उचलणारे प्री-एम्फसिस एफएमसाठी आवश्यक असते, येथे ते अनावश्यक आहे. शिखरे रोखण्यासाठी येणारा ध्वनी किंचित आधी पाहणारा लिमिटर वापरावा आणि त्याची मर्यादा पूर्ण पातळीच्या 1 ते 3 डेसिबल खाली ठेवावी, कारण संचात ध्वनी पुन्हा उलगडताना शिखरे थोडी वर सरकतात. कम्प्रेसर सौम्य असावा, पण तो काढून टाकू नये. चालत्या मोटारीत हळू आवाजातील संवाद हरवून जातो. कार्यक्रमांची पातळी शिखरांवरून न मोजता जाणवणाऱ्या आवाजावरून मोजावी. युरोपीय प्रसारण संघाच्या 2010 च्या आर 128 शिफारशीतील उणे 23 एलयूएफएस हे त्यासाठी परिचित परिमाण आहे.

स्टुडिओत आधीच एमपी3 स्वरूपात आक्रसलेले ध्वनिमुद्रण वापरल्यास यातील बरेच श्रम वाया जातात, कारण एका कोडेकचे दोष दुसरा वाढवतो. एकाच प्रक्षेपकावरून दोन-तीन कार्यक्रम द्यायचे ठरल्यास प्रत्येकाच्या वाट्याचे बिट आणखी घटतात व जुळवणी अधिक काटेकोर करावी लागते. तिची पारख प्रोसेसरच्या बाहेर पडणाऱ्या ध्वनीवर करून भागत नाही. कोडेकमधून जाऊन पुन्हा उलगडलेला ध्वनी ऐकावा, तोही स्टुडिओतील उंची स्पीकरबरोबरच साध्या, स्वस्त संचावर, आणि संगीताआधी बातमीपत्र लावून.