घरी आणली, पण घरात घेतली का?

“ताई, गोळ्या वेळेवर देतात, जेवायलाही देतात. पण भाकरी करू देत नाहीत.”

लातूर शहरालगतच्या एका वस्तीत गृहभेटीला गेले असताना तिशीतल्या एका बाईने मला हे सांगितले. तिला स्किझोफ्रेनिया हा मनाचा गंभीर आजार आहे. दवाखान्यातून सुट्टी मिळून दोन महिने झाले होते. भास थांबले होते, झोप लागत होती. घरचे लोक वाईट नव्हते. सासूबाई म्हणायच्या, “तू बस, आम्ही करतो.” पण चूल, पैशाचा डबा आणि लेकराची शाळा या तिन्ही गोष्टी तिच्या हातून गेल्या होत्या. स्वतःच्या घरात ती पाहुणी झाली होती.

गोळ्यांनी आजार आटोक्यात येतो. घरातली जागा मात्र घरच्यांनीच परत द्यावी लागते, आणि ती एकदम नाही तर टप्प्याटप्प्याने द्यावी लागते. ती कशी द्यावी, हे या लेखात पाहू.

टोमणा आणि अतिकाळजी

इंग्लंडमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून दवाखान्यातून घरी गेलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. ज्या घरात सतत टीका होते, तिरस्कार केला जातो किंवा रुग्णाला गरजेपेक्षा जास्त जपले जाते, तिथे आजार उलटण्याचे प्रमाण जास्त दिसले. पुढे १९८० च्या दशकात चंदीगडमध्ये असाच अभ्यास झाला. तिथे अशा तणावाच्या घरांचे प्रमाण लंडनपेक्षा कमी आढळले. म्हणजे आपल्या कुटुंबपद्धतीत सांभाळून घेण्याची ताकद आहे. पण “बसून खाते” हा टोमणा आणि “तुला जमणार नाही” ही माया, दोन्ही माणसाला मागे ओढतात, हेही लक्षात ठेवावे लागेल.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. भास थांबल्यावरही कित्येक महिने उत्साह वाटत नाही, कामाला हात लागत नाही. हा आजाराचाच भाग असतो. काही औषधांनी सकाळी गुंगी राहते. याला आळस म्हणू नये. गुंगी फार असेल तर डॉक्टरांना सांगावे. गोळीची वेळ किंवा मात्रा तेच बदलतील. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे हे आजार उलटण्याचे एक मोठे कारण आहे.

परतीच्या पायऱ्या

पहिली पायरी स्वतःच्या दिनक्रमाची. ठरलेल्या वेळी उठणे, आंघोळ, चहा, थोडे चालणे. दुसरी पायरी अशा कामांची, जी अर्धवट सोडली तरी नुकसान होत नाही. ज्वारी निवडणे, कपड्यांच्या घड्या, शेंगा फोडणे. एका वेळी एकच काम सांगावे. “घरचं बघ” असे सांगितले तर गोंधळ होतो.

तिसरी पायरी चुलीची. सुरुवातीला शेजारी कोणीतरी असावे. गुंगीच्या वेळी शेगडीजवळ पाठवू नये. चौथी पायरी लेकरांची. आधी वेणीफणी, मग अभ्यास, मग शाळेत सोडणे. पाचवी पायरी पैशाची. आधी भाजीपुरते पैसे आणि त्याचा हिशेब, नंतर महिन्याचा किराणा. प्रत्येक पायरीवर किती दिवस थांबायचे हे तिला विचारून ठरवावे. मागे यावे लागले तर त्याला अपयश समजू नये.

लातूरकरांसाठी एक खास गोष्ट. आपल्याकडे नळाला अनेक दिवसांनी पाणी येते, कधी मध्यरात्रीही येते. त्या रात्री पाणी भरायला तिला उठवू नका. झोपमोड हे आजार उलटायला निमित्त ठरू शकते. रात्रीचे पाणी नवऱ्याने भरावे. दिवसाचे भरायला ती मदत करेल.

सलग दोन-तीन रात्री झोप न लागणे, विनाकारण संशय, जेवण सोडणे, एकटीच पुटपुटणे ही धोक्याची चिन्हे आहेत. ती दिसली की पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

नवऱ्याची जबाबदारी

माझ्या कामात एक फरक वारंवार दिसतो. नवरा आजारी पडला तर बायको सेवा करते आणि तो सावरताच पुन्हा घरचा कर्ता होतो. बायको आजारी पडली की तिला माहेरी धाडतात. “बरी झाली की आणू” म्हणतात, आणि ते आणणे लांबत जाते. अनेकदा त्याआधी भानामतीच्या संशयात महिने आणि पैसे गेलेले असतात.

कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी तो लपवला नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाला पाठबळ दिले. सगळ्यांना एवढे जमणार नाही. पण पत्नीसोबत दवाखान्यात जाणे, तिच्यासमोर डॉक्टरांशी बोलणे आणि घरातली निम्मी कामे उचलणे कोणत्याही नवऱ्याला जमण्यासारखे आहे.

कायदाही तिच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १९ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणाने तिला दवाखान्यात ठेवता येत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ विवाहितेला सासरच्या सामाईक घरात राहण्याचा हक्क देतो.

उपचार कुठे, आधार कुठे

ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत. पण उपचारासाठी दर वेळी तिकडे जायची गरज नाही. लातूर आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा मोफत क्रमांक आहे, तिथे घरच्यांनाही सल्ला मिळतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश असल्याने नियमाप्रमाणे प्रमाणपत्रही काढता येते.

घराबाहेरची पहिली पायरी आपले विहार होऊ शकते. रविवारच्या वंदनेला ती आली तर “आता कसं आहे डोकं?” असे विचारू नका. सतरंजी अंथरायला, खीर वाढायला हाताशी घ्या. महिला मंडळाने आणि बचत गटाने तिचे नाव यादीतून काढू नये.

सुरुवातीला जिचे सांगितले, ती आता सकाळच्या भाकरी करते. लेकराला शाळेत सोडते. पैशाचा डबा अजून सासूबाईंकडेच आहे. त्यावर घरात बोलणे चालू आहे. त्या बोलण्यात आता तीही असते.